मारामारीचा पट्टा

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला तेव्हा मी एका शेरवानीची काजं करत होते. "काकू, डॉक्टर लिहून झाले, सॉफ्टवेअरवाले तर दरवर्षीच असतात. यंदा तुम्ही लिहा ना! बिघडलेल्या ब्लाउजचे किस्से वगैरे, हलकंफुलकं." मी तिला म्हटलं, माझ्याकडे बिघडलेल्या ब्लाउजचे किस्से नाहीत, कारण माझ्याकडून ब्लाउज बिघडत नाहीत. ती खूप हसली. मी काही विनोद केला नव्हता.

आमच्या श्रूजबरी गावातल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज मी शिवले आणि उरलेल्या निम्म्यांचे, भारतातून शिवून आणलेले, उसवून सैल केले. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण २००१ च्या हिवाळ्यापासून २००८ पर्यंत दुकानाच्या मागच्या टेबलावर मी आइस हॉकीच्या एका संघाच्या जर्सी दुरुस्त करत होते, हे फारसं कुणाला माहीत नाही. त्या जर्सीच्या आत, पाठीच्या बाजूला, एक पट्टा शिवलेला असतो. त्या पट्ट्याबद्दल आणि ज्याच्यासाठी तो मी सगळ्यात जास्त वेळा शिवला त्या माणसाबद्दल लिहिते. ब्लाउजवाल्यांनी रागावू नये.

हे काम मला वॉल्टने दिलं. वॉल्ट म्हणजे संघाचं सामानसुमान सांभाळणारा माणूस. स्केटच्या पात्यांना धार लावणं, हेल्मेटचे स्क्रू आवळणं, ओले कपडे वाळवणं, सगळं त्याच्याकडे. आमच्यापासून अर्ध्या तासावर एक जुनं गिरण्यांचं शहर आहे, तिथला हा संघ. टीव्हीवर दिसतात त्या मोठ्या लीगच्या खालची ही लीग, वर जायची वाट बघणाऱ्या आणि वरून खाली आलेल्या खेळाडूंची. त्यांची आधीची शिवणारी बाई डोळे अधू झाले म्हणून फ्लॉरिडाला मुलीकडे निघून गेली होती. वॉल्ट एक काळी पोतडी घेऊन दुकानात आला, पण ती उघडायच्या आधी त्याने काउंटरवर टांगलेला एक ब्लाउज उचलला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून आतली शिवण पाहिली. त्याच क्षणी माझं त्याच्याबद्दल चांगलं मत झालं. ज्याला शिवण कळते तो माणूस कपडा आधी उलटा करतो.

"शायला," तो पाटीवरचं नाव वाचत म्हणाला, "रक्ताचं वावडं आहे का?"

शैलाचं शायला त्या दिवशी झालं ते कायमचंच. रक्ताचं वावडं नव्हतं. सुई टोचून कापडावर स्वतःच्या रक्ताचा थेंब पडला तर लगेच स्वतःची थुंकी लावायची, डाग जातो, हे मिरजेला वडिलांच्या दुकानात मी सातव्या वर्षी शिकले होते. दुसऱ्याच्या रक्ताला मात्र आपली थुंकी चालत नाही, त्याला गार पाणी आणि मीठ लागतं, हे हॉकीने शिकवलं. गरम पाणी चुकूनही वापरायचं नाही, डाग पक्का होतो. इतकं एक घरगुती ज्ञान या लेखातून घ्यावं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मीही त्या सात वर्षांत पूर्ण सामना एकदाच पाहिला आणि थंडीने माझे पाय बधिर झाले. संघात वीसेक खेळाडू असतात. कुणी गोल करतो, कुणी अडवतो. त्यात एकजण असा असतो की त्याला गोल करायला घेतलेलंच नसतं. आपल्या संघातल्या एखाद्या चपळ, नाजूक पोराला दुसऱ्या संघातल्या कुणी मुद्दाम भिंतीवर नेऊन चेपलं, तर जाब विचारायचं काम याचं. त्याला एन्फोर्सर म्हणतात. आपल्याकडे लग्नात एखादा धिप्पाड मामा असतो, तो काम काहीच करत नाही, पण तो मांडवात उभा आहे म्हटल्यावर कुणी आवाज चढवत नाही. तसंच हे. फक्त या मामाला महिन्यातून एक-दोनदा खरोखर हात उचलावा लागतो.

त्यातही रीत असते. समोरच्या संघातही असाच एक मामा असतो. दोघं एकमेकांना आधी विचारतात, चलायचं का? तो हो म्हणाला की दोघं हातमोजे आणि काठ्या खाली टाकतात. पंच मध्ये पडत नाहीत. एकजण खाली पडला की मग सोडवतात आणि दोघांना पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या काचेच्या खोक्यात, बसवतात. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी वॉल्टला विचारलं, "आणि त्यांच्या आया काय म्हणतात?"

आता पट्टा. आत चिलखतासारखं बरंच काही घातलेलं असतं म्हणून जर्सी ढगळ असते. मारामारीत समोरच्याने ती मागून धरून डोक्यावर ओढली की दोन्ही हात बाह्यांत अडकतात, डोळ्यांपुढे नुसतं कापड, आणि मग माणूस उभ्या उभ्या मार खातो. म्हणून जर्सीच्या मागच्या काठाला आतून एक मजबूत पट्टा शिवतात, तो पँटला अडकवायचा. न अडकवता कुणी मारामारी केली तर पंच त्याला सामन्यातूनच बाहेर काढतात. बाकीच्यांचे पट्टे वर्ष वर्ष कोरे राहत. एक पट्टा मात्र दर पंधरा दिवसांनी टाक्यांसकट उपटून यायचा. त्या जर्सीवर मागे मिचचं आडनाव होतं. ते इथे लिहीत नाही.

मिचला भेटायच्या आधी तीन महिने मी त्याला कपड्यांवरून ओळखत होते. डाव्या खांद्याची शिवण उसवली असेल तर समोरचा उजव्या हाताने मारणारा नव्हता, कारण उजवा मारणारा डाव्या हाताने धरतो आणि मग उजवा खांदा जातो. छातीवर रक्ताचे गोल थेंब असतील तर ते स्वतःचं, नाकातून उभ्याने गळलेलं. बाहीवर फराटा असेल तर दुसऱ्याचं. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, जेवताना हे सांगायला लागले की तो म्हणायचा, "अगं, मी वरण घेतोय." पण त्यालाही उत्सुकता असायचीच. दर आठवड्याला पोतडी आली की विचारायचा, "काय, जिंकला का तुझा पैलवान?"

मग एका मंगळवारी पैलवान स्वतः आला. दारातून वाकून आत आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅम, वॉल्ट म्हणाला तुम्ही माप घ्याल." कॅनडातल्या गव्हाच्या प्रदेशातला, वय सत्तावीस, नाक दोनदा जागेवरून हललेलं. उजव्या बाहीचा मुंढा, म्हणजे काखेजवळचा घेर, त्याला थोडा मोकळा हवा होता. माझ्याकडे एक लाकडी चौरंग आहे, नवऱ्यामुलीला त्यावर उभं करून मी घागऱ्याचा घेर बघते. त्यावर हा हात पसरून उभा राहिला आणि मी स्टुलावर चढून त्याची छाती मोजत होते, तेवढ्यात नागपूरची वृंदा ब्लाउज न्यायला आत आली.

"काकू, हा कोण यार?"

"गिऱ्हाईक."

"याचाही ब्लाउज?"

तो गेल्यावर ती मला चिकटलीच. "काकू, सांगा ना, छाती किती आहे त्याची? जस्ट क्युरिऑसिटी!"

"तुझी त्याला सांगितली तर चालेल?" मी म्हटलं. ती ब्लाउज उचलून निघालीच.

हा आमच्या घरचा नियम. वडिलांची मापांची वही लाल कापडात बांधलेली असायची, आणि ते सांगायचे की माप गिऱ्हाइकाचं असतं, आपल्याकडे नुसतं सांभाळायला दिलेलं. नवऱ्याचं माप बायकोलासुद्धा सांगायचं नाही. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा एक खांदा उतरता आहे, कुणी कापसाची घडी घालून छाती भरून दाखवतं, सगळं शिंप्याला माहीत असतं आणि ते शिंप्यापाशी राहतं. या एका गुणामुळे माझं दुकान चाललं, असं मी आजही मानते.

मिच मग येत राहिला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने सदरे आणले. सामन्याच्या दिवशी खेळाडूंनी सूट घालून यायचं असा संघाचा दंडक होता. त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. बोटांची पेरं इतकी सुजलेली आणि वाकडी, की मला मिरजेतल्या आल्याच्या गड्ड्या आठवल्या.

"मॅम, बटणं लागत नाहीत," तो म्हणाला. "बायको लावून देते. पण बाहेरगावी असलो की..."

मी बटणं तशीच ठेवून काजं शिवून बंद केली आणि आतून मोठी टिचबटणं लावली. वरून बघणाऱ्याला सदरा बटणांचाच. त्याने घालून बघितला, आरशासमोर चारदा उघडला, चारदा लावला. एवढ्या मोठ्या माणसाला इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नाही. "कुणाला सांगू नका," तो म्हणाला. सांगायचा प्रश्नच नव्हता. उलट मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. असे त्याचे सहा सदरे मी केले.

मधल्या वर्षांत इतरही नमुने पाहिले. एक गोलरक्षक संघ जिंकत होता तोवर फाटकी बाही शिवू देईना, आणि संघ नेमका सलग नऊ सामने जिंकला. शेवटी बाही कोपरापासून लोंबायला लागली. त्याने मला निरोप पाठवला की शिवा, पण शकुन जाणार नाही अशी शिवा. मी फोनवर विचारलं, अशी म्हणजे कशी? तो म्हणाला, थोडी वाकडी. मला वाकडं शिवता येत नाही, त्यामुळे तो दहावा सामना हरला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इतका वेळ टाळत होते.

२००५ च्या ऑक्टोबरात मिच आला. त्याच्या हातात हिवाळी कोट होता, आणि कोटाच्या आत गुंडाळलेली घरच्या सामन्यांची पांढरी जर्सी. जर्सी खेळाडूंनी स्वतः आणायची पद्धत नव्हती, ती वॉल्टकडून पोतडीतूनच यायची. त्याने खिशातून एक कागद काढला. कोटाच्या आत त्याला घराचा पत्ता शिवून हवा होता. ठीक आहे, लोक शिवून घेतात, कोट हरवतात. जर्सीच्या उजव्या बाहीच्या कफात, आतून, दोन शब्द हवे होते. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, "समोर, उजवीकडे."

मी त्याच्याकडे बघितलं.

"बॉक्समधून बाहेर आलं की समोर दोन बेंच असतात," तो म्हणाला. "एक आमचा, एक त्यांचा. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या बेंचवर जाऊन बसायला निघालो. लोकांना वाटलं मी गंमत करतोय. मीही हसलो."

"आणि खरं काय?"

"खरं म्हणजे, मॅम, तो दरवाजा उघडला की मला काही सेकंद काही कळत नाही. मारामारी झाली की असं होतं, मग ठीक होतं. वॉल्टला सांगू नका. बायकोलाही नको."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला तेव्हाच पूर्ण कळलं. या माणसाच्या डोक्याला इजा झालेली आहे, ती वाढते आहे, आणि प्रत्येक मारामारीत आणखी वाढणार आहे, हे समजायला डॉक्टर असावं लागत नव्हतं. तरी मी चष्मा लावला, पांढऱ्यावर पांढरा धागा घेतला आणि हाताने ती अक्षरं अशी भरली की कफ उलटून उजेडाकडे धरल्याशिवाय कुणालाही दिसू नयेत. कोटात काळ्यावर काळा. तितकी बारीक शिलाई मी आधी कधी केली नव्हती. ती करताना मला समाधान वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

तो हिवाळा तसाच गेला. पोतडी यायची, मी पट्टा शिवायची, खांदा शिवायची. फेब्रुवारीत एकदा कफाची शिवण उलटून पाहिली तर माझी अक्षरं घासून विरली होती. धुण्याने तसं होत नाही. धुण्याने कापड सगळीकडे सारखं विरतं. इथे नेमकं त्या दोन शब्दांवर, अंगठ्याएवढ्या जागेत, कापडावर गोळे आले होते. तो घरच्या दर सामन्यात, पुन्हा पुन्हा, अंगठ्याने ती अक्षरं चाचपत होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तो सात वेळा लढला होता. मला सामने बघायची गरज नव्हती, सात वेळा उसवलेला खांदा मीच पुन्हा शिवला होता.

दुपारी चहाला श्रीकांतला सांगितलं. मी गिऱ्हाइकाचं गुपित घरात बोलले ते आयुष्यात पहिल्यांदा.

"तू डॉक्टर आहेस का?" तो म्हणाला. "त्यांच्याकडे डॉक्टर असतील ना."

"असतील. पण डॉक्टर कपडा उलटा करत नाहीत."

"मग सांग कुणाला तरी."

"शब्द दिलाय."

"अगं, मग मला कशाला सांगतेस?" हेही खरंच होतं.

त्या दुपारी मला आपटे गुरुजी आठवले. मिरजेला वडिलांकडे यायचे. एका वर्षात तीनदा सदरे आत घ्यायला आले. तिसऱ्यांदा म्हणाले, घरी बोलू नका. वडिलांनी चार बोटं आत घेतली आणि बोलले नाहीत. दिवाळीपर्यंत गुरुजी गेले. ही गोष्ट वडील आम्हाला नियम म्हणून सांगायचे, बघा, शिंप्याने कसं असावं. पण तिचं एक टोक ते कधी सांगत नसत, ते मी स्वतः पाहिलं होतं. तेराव्यानंतर गुरुजींच्या पत्नी दुकानात आल्या होत्या आणि त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला कळलं नव्हतं का हो?" वडील खाली बघून टेप गुंडाळत राहिले. मी चौरंगावर बसून बटणं निवडत होते. चाळीस वर्षं मी त्या गोष्टीतली वडिलांची निष्ठा तेवढी लक्षात ठेवली आणि गुंडाळलेला टेप विसरले.

तरी शब्द मोडायचं धाडस होईना. मी एक पळवाट काढली. दुरुस्त कपडा गिऱ्हाइकाला नेहमी सुलट घडी घालून द्यायचा असतो. मी मिचची जर्सी उलटी घडी घालून, तो कफ वर येईल अशी, पोतडीत सगळ्यात वर ठेवली. मी काही बोलले नाही, फक्त घडी उलटी घातली, अशी स्वतःची समजूत घातली. वॉल्ट ती बघेल याची मला खात्री होती.

वॉल्टने बघितली. पुढच्या आठवड्याच्या पोतडीत पांढरीबरोबर बाहेरगावच्या सामन्यांची गडद जर्सीही होती, मिचचीच. गडद जर्सीच्या कफाला सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावली होती. वॉल्टचं अक्षर. "शायला, यातही तसंच कर. पण इथे ‘डावीकडे’ लिही, बाहेरगावी बेंच त्या बाजूला असतो."

मी ती चिठ्ठी तीन-चारदा वाचली. मग दुकानाला कुलूप लावलं, दोन्ही जर्सी घेतल्या आणि भर दुपारी गाडी काढून रिंकवर, त्यांच्या बर्फाच्या मैदानावर, गेले. एक सामना सोडला तर तिथे जायला मला कधी कारण पडलं नव्हतं. वॉल्टची खोली तळघरात होती, ओल्या कपड्यांच्या वासाने भरलेली. तो स्केटला धार लावत होता, चाकावरून ठिणग्या उडत होत्या. मला बघून त्याने यंत्र बंद केलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"नोव्हेंबरपासून," वॉल्ट म्हणाला. "तो बॉक्समधून निघाला की मी आमच्या बेंचमागे उभा राहून पांढरा टॉवेल हलवतो. दर वेळी. बाहेरगावी तर हलवावाच लागतो."

"मग डॉक्टरना का नाही सांगितलंस?"

"डॉक्टर त्याला विचारतात, आज वार कोणता. वार त्याला आठवतो." तो हात पुसत राहिला. "शायला, हे त्याचं शेवटचं वर्ष आहे. त्याला ते पूर्ण करू दे. मी शब्द दिलाय त्याला."

"मीही दिलाय," मी म्हटलं. आमच्यातला एक टॉवेल हलवत होता, एक अक्षरं भरत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण त्याला सांभाळतोय.

तेवढ्यात मिचच आत आला, सराव संपवून, केस ओले. माझ्या हातातल्या जर्सी बघून थबकला.

माझं इंग्रजी राग आला की मिरजेचं होतं. तरी जमेल तसं बोलले. "मिच, मी तुझा पट्टा यापुढे शिवणार नाही. बाकी सगळ्यांचं शिवीन. तुझा नाही. हे घे, दोन्ही काढलेत." मी रिंकच्या वाहनतळात गाडीत बसून ते उसवले होते.

"मॅम, तुम्ही म्हणाला होतात कुणाला सांगणार नाही."

"हो. आणि चार महिने नाही सांगितलं. ते माझं चुकलं."

"तुम्हाला काय वाटतं, पट्टा नसला तर मी थांबेन? वॉल्ट शिवेल."

वॉल्ट जमिनीकडे बघत होता.

"शिवू दे," मी म्हटलं. "त्याचा टाका मी पाहिलाय."

मला हे विनोदाने म्हणायचं नव्हतं, पण वॉल्टच्या तोंडून हसू फुटलं, आणि मिच मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. त्याने जर्सी माझ्या हातातून काढून घेतल्या, घडी घातली, नीट, सुलट, आणि निघून गेला. परतताना मी गाडीत रडले. त्या आठवड्यात घेतलेला एक ब्लाउज मला दोनदा उसवावा लागला. संपादिकेला हवा असलेला बिघडलेल्या ब्लाउजचा किस्सा एवढाच.

वॉल्टने पट्टा शिवला, मेणाच्या दोऱ्याने. चार सामने झाले, त्यात दोन मारामाऱ्या. पाचव्या सामन्याच्या सकाळी वॉल्ट ती पांढरी जर्सी घेऊन संघाच्या डॉक्टरांकडे गेला. हे त्याने मला नंतर सांगितलं. "मी काही बोललो नाही. उलटी करून टेबलावर ठेवली." मिच त्यानंतर खेळला नाही. वर्तमानपत्रात हाताची दुखापत असं आलं. पोतडी येत राहिली. तो मात्र दुकानात यायचा बंद झाला. त्याचे दोन सदरे, टिचबटणं लावून तयार, माझ्याकडे हँगरवर तसेच राहिले. श्रीकांत म्हणायचा, देऊन टाक कुणाला तरी. त्या मापाचा माणूस श्रूजबरीत नव्हता, आणि असता तरी दिले नसते.

मी चूक केली का, असं मी स्वतःला अजून विचारते. शब्द मोडला ती चूक नव्हती. ऑक्टोबरात मोडायला हवा होता. सात आणि दोन, नऊ मारामाऱ्या होतात. त्यातल्या कितव्या मारामारीत त्याचं काय गेलं, हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे मी नऊच्या नऊ माझ्या नावावर धरते.

२००८ च्या शरदात, मी हॉकीचं काम सोडायच्या सुमारास, दारातून कुणीतरी वाकून आत आलं. बायको बाहेर गाडीत थांबली होती. मिच थोडा जाड झाला होता, केस पांढरे व्हायला लागले होते, पस्तिशीही आली नसताना. मी काही बोलायच्या आत तो सवयीने चौरंगावर चढला आणि हात पसरून उभा राहिला.

"उतर," मी म्हटलं, "आज काही मोजायचं नाही." तो हसत उतरला. मला नावाने ओळखलं त्याने. म्हणजे वॉल्टसारखंच, शायला म्हणून.

तो आता एका लहान मुलांच्या रिंकवर कामाला होता. दर तासाला बर्फ सपाट करणारं मोठं यंत्र चालवायचं. "गोल गोल फिरायचं, मॅम. वाट चुकायला जागाच नाही." काही दिवस चांगले जातात, काही नाही, असं म्हणाला. डॉक्टर बघतात. संगीत आणि गर्दी सोसत नाही. माझ्यावर राग होता, दीड वर्षं होता, मग गेला, हेही त्याने सरळ सांगितलं. "कुठे गेला ते आठवत नाही," तो म्हणाला, आणि मी हसावं की नाही ते मला कळेना. मी त्याला हँगरवरचे दोन सदरे दिले. तो बराच वेळ एक टिचबटण लावत आणि उघडत राहिला.

मग त्याने अंगातला कोट काढला. तोच कोट. आतली माझी अक्षरं झिजून गेली होती, आणि त्यांनी घरही बदललं होतं. त्याच्याकडे कागद होता, या वेळी बायकोच्या अक्षरात, नवा पत्ता.

"पूर्वीसारखंच करा," तो म्हणाला. "आतून. दिसणार नाही असं."

मी कोट घेतला, तसाच सुलट टेबलावर पसरला आणि बाहेरच्या खिशाच्या झाकणावर खडूने रेघ मारली. ड्रॉवरमधून लाल रीळ काढलं आणि सुईत दोरा ओवला.

"मॅम, हे तर सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं, आणि पहिला टाका घातला.